सहा-दोनने हरले असते तरी चाललं असतं: चॅम्पियन्स लीगचा नवा साचा

29 जानेवारी 2025 चा बुधवार संपून गुरुवार लागला होता. रात्रीचा दीड. नायगावातल्या आमच्या घरात टीव्हीचा आवाज बंद, कारण आतल्या खोलीत आई झोपलेली. भाचा जमिनीवर पालथा पडून वहीत छत्तीस क्लबांची नावं लिहून बसला होता, आणि युरोपात चॅम्पियन्स लीग या फुटबॉल क्लबांच्या स्पर्धेचे एकाच वेळी अठरा सामने सुरू झाले होते. एक टीव्हीवर, एक त्याच्या फोनवर, एक माझ्या फोनवर, उरलेल्या पंधरांचे नुसते आकडे. गोल झाला की तो खोडरबर घेऊन दोन नावं वर-खाली करायचा. पहाटे साडेतीनच्या सुमाराला सगळं आटोपलं तेव्हा ते पान खोडून खोडून फाटायला आलं होतं.

मग त्याने विचारलं, "मामा, दिनामो झाग्रेबने मिलानला हरवलं. त्यांचे अकरा गुण झाले. क्लब ब्रुग आज हरलं, त्यांचेही अकराच. मग ब्रुग आत आणि दिनामो बाहेर, हे कसं?"

एका शब्दात उत्तर द्यायचं तर गोलफरक, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा. पण त्याला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यावर मलाही समाधान वाटलं नाही. कारण त्या एका शब्दामागे स्पर्धेचा अख्खा साचा उभा आहे. कोण कोणाशी खेळणार, किती वेळा, हरल्यावर काय होणार, हे सगळं ठरवताना स्पर्धा भरवणारे एकाच प्रश्नाचं उत्तर देत असतात: एखाद्या संघाचा एक दिवस वाईट गेला, तर त्याची किंमत किती? आमच्या मंडळाची मुलांची स्पर्धा मी गेली काही वर्षं भरवतो. तिथेही बारा संघांचा कागद समोर घेतला की पहिला वाद याच्यावरूनच होतो.

सगळ्यात कडक उत्तर म्हणजे बाद फेरी. हरलात की घरी. 1888 चा ड्युरँड, 1891 पासूनचा आपल्या मुंबईचा रोव्हर्स, अशा जुन्या कप स्पर्धा याच पद्धतीतून उभ्या राहिल्या. मुंबईच्या कूपरेज मैदानातल्या लाकडी बाकांवर बसून सामने पाहिलेली माणसं आजही सांगतील की त्यातली मजा वेगळीच होती, कारण प्रत्येक नव्वद मिनिटं शेवटची असू शकायची. या पद्धतीचा हिशोबही सोपा आहे. प्रत्येक सामन्यात एकच संघ बाद होतो आणि शेवटी एक सोडून सगळे बाद व्हायचे असतात. म्हणून 32 संघ असतील तर सामने 31. मैदान कमी, दिवस कमी, पैसा कमी, तरी स्पर्धा होते. पण किंमत जबर. वर्षभर घाम गाळलेला संघ पहिल्याच दिवशी पेनल्टी चुकवून परत जातो.

युरोपने 1955 मध्ये क्लबांची स्पर्धा, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग, सुरू केली तेव्हा बादच पद्धत घेतली, पण ती थोडी मवाळ करून. एक लढत, दोन सामने. एक आपल्या मैदानावर, एक त्यांच्या, आणि दोन्हींचे गोल एकत्र मोजायचे. एक दिवस वाईट गेला तरी दुसरा हाताशी. बेरीज सारखी झाली तर परक्या मैदानावरचे गोल वजनदार धरायचे, हा नियम पुढे आला आणि 2021 मध्ये काढून टाकला गेला. आता बरोबरी झाली की जादा वेळ, मग पेनल्टी. माझ्या पिढीच्या अनेकांना तो जुना नियम अजून तोंडपाठ आहे आणि ते चर्चेत हमखास चुकतात.

दुसऱ्या टोकाला आहे पूर्ण साखळी. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं. याहून न्याय्य काही नाही. पण 36 संघांनी एकमेकांशी एकदाच खेळायचं म्हटलं तरी 630 सामने होतात. वर्ष संपेल, स्पर्धा संपणार नाही.

म्हणून मधला मार्ग निघाला, गटांचा. 1999 पासून 2024 पर्यंत चॅम्पियन्स लीगमध्ये 32 संघ, चार-चारांचे आठ गट, गटात प्रत्येकाशी दोनदा सामना आणि पहिले दोन पुढे, हे सूत्र गटांपुरतं कायम राहिलं. जागतिक स्पर्धांमुळे आपल्याला ते इतकं अंगवळणी पडलंय की फुटबॉल म्हणजे गट असंच वाटतं. गटाचा दोष मात्र सोडतीच्या दिवशीच दिसतो. एका गटात तीन दादा संघ, शेजारच्या गटात एकही नाही. शिवाय चार सामन्यांत गटाचा निकाल लागला की शेवटचे दोन नुसते उरकायचे. तिसरा दोष आपल्याला मुंबईकरांना फार जवळून माहीत आहे.

एप्रिल 2022. मुंबई सिटी आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये पहिल्यांदाच उतरली होती. गटाचे सगळे सामने सौदीतल्या रियाधमध्ये. 11 तारखेला इराकच्या एअर फोर्स क्लबशी सामना होता आणि आपण एका गोलने मागे पडलो होतो. मग पेनल्टीवर बरोबरी झाली, आणि कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर आपल्या मुंबईच्या राहुल भेकेने डोक्याने गोल मारला. 2-1. या स्पर्धेत सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब. त्याच एअर फोर्स क्लबला दुसऱ्यांदाही 1-0 ने हरवलं, अबु धाबीच्या अल जझीराशी एक सामना बरोबरीत सोडवला. सहा सामन्यांत सात गुण आणि गटात दुसरा नंबर.

दुसरा नंबर, तरी बाहेर. कारण त्या वर्षी पश्चिम विभागात पाच गट होते आणि पुढच्या फेरीत जागा आठ. पाच गटविजेते आणि दुसऱ्या आलेल्या पाचांपैकी सर्वोत्तम तीन, असं सूत्र होतं. म्हणजे आपली तुलना अशा संघांशी झाली ज्यांच्याशी आपण खेळलोच नव्हतो आणि ज्यांच्या गटात कोण होतं त्याच्याशी आपला काही संबंध नव्हता. मला तेव्हा ते फार लागलं होतं. नियम आधीपासून छापलेला होता, त्यामुळे तक्रार कोणाविरुद्ध नव्हती. पण गट वेगवेगळे ठेवायचे आणि मग ते एकमेकांशी ताडायचे, यातला उणेपणा त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळला.

आता नवा साचा. युरोपने 2024-25 च्या हंगामापासून गटच काढून टाकले. 36 संघ, सगळ्यांचा मिळून एकच गुणतक्ता. प्रत्येक संघ आठच सामने खेळतो, आठ वेगवेगळ्या संघांशी, चार घरी आणि चार बाहेर. जिंकल्यास तीन गुण, बरोबरीला एक. आठ सामने झाले की पहिले आठ थेट शेवटच्या सोळांत. नववा ते चोविसावा यांच्यात दोन सामन्यांची एक जादा लढत आणि त्यातले आठ विजेते सोळांत. पंचविसावा आणि त्याखालचे घरी. पूर्वी गटात तिसरा आलेला संघ खालच्या युरोपा लीगमध्ये उतरायचा, तीही सोय बंद.

आठ प्रतिस्पर्धी कोण हे असं ठरतं. गेल्या पाच वर्षांतल्या युरोपीय कामगिरीवरून 36 संघांचे नऊ-नऊचे चार गठ्ठे करतात. गतविजेता पहिल्या गठ्ठ्यात. प्रत्येक संघाला प्रत्येक गठ्ठ्यातले दोन मिळतात, एक घरी, एक बाहेर. स्वतःच्या गठ्ठ्यातलेही दोन. त्यामुळे रेआल माद्रिद किंवा बायर्न म्युनिकलाही दोन मोठ्या संघांशी भिडावंच लागतं. शिवाय आपल्याच देशाचा संघ नको, आणि कुठल्याही एका देशाचे दोनापेक्षा जास्त नकोत.

वाचायला हे सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं. म्हणून मंडळाच्या स्पर्धेत आम्ही ते करून पाहायचं ठरवलं. बारा संघ. चार-चारांचे तीन गट केले तर प्रत्येकाचे तीन सामने, एकूण अठरा. एकच तक्ता करून प्रत्येकाला तीन प्रतिस्पर्धी दिले तरीही एकूण अठराच. मैदान तेवढंच, रविवार तेवढेच. अट एकच होती, एका वाडीचे दोन संघ आपसात खेळणार नाहीत, कारण ती मुलं रोजच एकमेकांशी खेळतात. ओट्यावर पोळ्यांचा स्टीलचा डबा रिकामा करून घेतला, चिठ्ठ्या दुमडून टाकल्या, भाच्याने काढायला सुरुवात केली. पहिले दहा-बारा सामने झरझर लागले. मग चिठ्ठ्या कमी झाल्या तसे आम्ही हळू झालो. आणि शेवटी डब्यात दोनच चिठ्ठ्या उरल्या. दोन्ही एकाच वाडीच्या, अ आणि ब.

पुन्हा सगळं टाकलं, पुन्हा काढलं. दुसऱ्या वेळी शेवटचे दोन संघ आधीच एकमेकांशी लागलेले निघाले. चौथ्या खेपेला जमलं, तोवर ओट्यावरचा चहा पार थंड झाला होता.

चूक शेवटच्या चिठ्ठीत नसते, ती पाच-सहा चिठ्ठ्या आधी झालेली असते, आणि तेव्हा ती दिसत नाही. सुडोकूत चुकीचा आकडा वरच्या कोपऱ्यात पडतो आणि अडचण खालच्या ओळीत कळते, तसंच. बारा संघ आणि एका अटीत आमची ही गत, तर छत्तीस संघ, चार गठ्ठे, घर-बाहेर आणि देशांच्या अटी हाताने कोण सांभाळणार? म्हणून युरोपच्या सोडतीत कॉम्प्युटर बसवलाय. नाव निघालं की त्या संघाचे प्रतिस्पर्धी कॉम्प्युटर निवडतो, पण प्रत्येक वेळी पुढे वाट बंद होत नाही ना हे तपासून. काही लोकांना त्यात काळंबेरं वाटतं. पोळ्यांच्या डब्याचा अनुभव घेतल्यापासून मला तसं अजिबात वाटत नाही.

या साच्याला सगळीकडे स्विस पद्धत म्हणतात, तिथे थोडं थांबायला हवं. स्विस पद्धत आली बुद्धिबळातून, 1895 मध्ये झ्युरिकच्या स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली गेली. मुंबईत शनिवार-रविवारी शाळांच्या हॉलमध्ये होणाऱ्या बुद्धिबळ स्पर्धांना ज्यांची मुलं जातात, त्यांना ती पाठ असेल. पहिल्या फेरीनंतर जिंकलेला जिंकलेल्याशी, हरलेला हरलेल्याशी. दर फेरीनंतर भिंतीवर नवी जोड्यांची यादी लागते आणि मुलं तिकडे धावतात. म्हणजे तिथे पुढचा प्रतिस्पर्धी आधीच्या निकालावर ठरतो. फुटबॉलमध्ये तसं नाही. आठही प्रतिस्पर्धी ऑगस्टमध्येच ठरतात. ऐंशी हजार लोकांचं स्टेडियम, विमानं, पोलिस बंदोबस्त, टीव्हीच्या वेळा, हे भिंतीवर यादी लावून दर आठवड्याला होण्यासारखं नाही. तेव्हा स्विसमधून उचललं ते एवढंच: सगळ्यांनी सगळ्यांशी न खेळता सगळ्यांचा तक्ता एक.

पण बुद्धिबळातली आणखी एक गोष्ट इथे आली आणि ती मला फार आवडते. गुण सारखे झाले तर आधी गोलफरक, मग केलेले गोल, मग परक्या मैदानावरचे गोल, मग विजय, मग परक्या मैदानावरचे विजय. हेही सारखं निघालं तर तुम्ही ज्या आठ संघांशी खेळलात त्यांनी मिळून किती गुण मिळवले ते पाहतात. ज्याचे प्रतिस्पर्धी जास्त तगडे तो वर. बुद्धिबळातल्या पालकांनी लगेच ओळखलं असेल, हा तर आपला बुखोल्झ! आपसातल्या सामन्याचा निकाल मात्र इथे धरतच नाहीत, कारण बहुतेक संघ आपसात खेळलेलेच नसतात.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे. पहिल्या फेरीत, 17 सप्टेंबर 2024 ला, दिनामो म्युनिकला बायर्नशी खेळलं. मध्यंतराला 0-3. मध्यंतरानंतर पाच मिनिटांत दोन गोल परत केले, 2-3. त्या क्षणी सामना जिवंत होता. मग बायर्नने धडाका लावला. हॅरी केनने एकट्याने चार मारले, त्यातले तीन पेनल्टीवर. शेवट 9-2.

पुढच्या सात सामन्यांत दिनामो काही वाईट खेळलं नाही. साल्झबर्गला 2-0, ब्रातिस्लाव्हाला 4-1 ने त्यांच्या घरी जाऊन हरवलं, मोनॅको आणि सेल्टिकशी बरोबरी केली, शेवटी मिलानला हरवलं. त्या सात सामन्यांत केलेले गोल दहा आणि खाल्लेलेही दहा. म्हणजे गोलफरक शून्य. संपूर्ण मोहिमेचा फरक उणे सात झाला तो एका म्युनिकच्या रात्रीमुळे. ब्रुगचा उणे चार.

भाच्याने वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. 9-2 ऐवजी 7-2 असतं तर? उणे पाच, तरी बाहेर. 6-2 असतं तर? उणे चार. ब्रुगच्या बरोबरीला. मग केलेले गोल पाहायचे: दिनामो बारा, ब्रुग सात. दिनामो आत! सहा-दोनने सडकून हरले असते तरी चाललं असतं. शेवटच्या पंधराएक मिनिटांत पडलेले तीन गोल, जे त्या रात्री कोणी फारसे मनावर घेतले नसतील, त्यांनी साडेचार महिन्यांनी त्यांना बाहेर काढलं. आयपीएलमध्ये शेवटच्या आठवड्यात नेट रनरेटची आकडेमोड करणाऱ्याला ही जाणीव आहे, पण फुटबॉलमध्ये चार संघांच्या गटात ती इतकी टोकाला क्वचितच जायची. छत्तीसजण एकाच शिडीवर उभे असले की दोन पायऱ्यांमधलं अंतर गोलांतच मोजावं लागतं. त्या वर्षी बाविसावा, तेविसावा, चोविसावा आणि पंचविसावा, चौघांचेही गुण अकरा. बाविसावा होता मँचेस्टर सिटी. त्या शेवटच्या रात्री ब्रुगविरुद्ध मध्यंतराला तेही 0-1 ने मागे होते, म्हणजे बाहेर होते. उत्तरार्धात तीन गोल करून वाचले.

म्हणून माझं मत असं झालंय. हा साचा हरण्याला क्षमा करतो, कोसळण्याला नाही. पॅरिसच्या पीएसजी क्लबचं पाहा. जानेवारीत ते बाहेर पडायच्या बेतात होते. मँचेस्टर सिटीविरुद्ध 0-2 मागे पडून 4-2 ने जिंकले आणि कसेबसे पंधराव्या जागेवर पोचले. मग जादा लढतीत आपल्याच देशाच्या ब्रेस्टला दोन सामन्यांत मिळून 10-0 ने उडवलं. पुढे तक्त्यात पहिल्या आलेल्या लिव्हरपूलला पेनल्टीवर बाद केलं आणि 31 मे 2025 ला म्युनिकमध्ये इंटर मिलानला 5-0 ने हरवून कप उचलला. सतरा सामने खेळून. गटांच्या काळात विजेता तेरा सामन्यांत मोकळा व्हायचा.

यातच या साच्याची खरी अडचण आहे. पूर्वी संपूर्ण स्पर्धेत 125 सामने असायचे, आता 189. पाय तेच, गुडघे तेच. आणि लिव्हरपूलला पहिल्या नंबरचं बक्षीस काय मिळालं, तर पुढे जो विजेता ठरला तोच पहिल्या दारात उभा. लढतींची चौकट तक्त्यातल्या जागांवरून जवळजवळ बांधलेली असल्यामुळे हे होऊ शकतं. शिवाय गठ्ठे पाच वर्षांच्या पुण्याईवर केलेले. 2024-25 मध्ये लाइपझिग पहिल्या गठ्ठ्यात होतं आणि आठ सामन्यांत तीन गुण मिळवून तळाच्या पाचांत राहिलं. चौथ्या गठ्ठ्यातलं ॲस्टन व्हिला आठवं आलं. ज्यांना बलाढ्य म्हणून लाइपझिग मिळालं आणि दुबळं म्हणून व्हिला, त्यांचं गणित उलटंपालटं झालं.

आशियानेही 2024-25 पासून असाच साचा घेतला. 24 संघ, पश्चिमेचे बारा आणि पूर्वेचे बारा, प्रत्येकी आठ सामने. तिथे पहिल्याच वर्षी एक वेगळी अडचण पुढे आली. चीनच्या शानडोंग संघाने फेब्रुवारीत मध्येच माघार घेतली, त्यांचे सगळे निकाल रद्द झाले. पण त्यांच्याशी सगळेच खेळले नव्हते! ज्यांनी त्यांना आधी हरवलं होतं त्यांचे गुण गेले, इतरांचं काहीच गेलं नाही. गटात संघ गळाला तर निदान सगळ्यांचेच त्याच्याशी असलेले सामने रद्द होतात. या साच्यात होत नाही.

2025 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत 32 क्लबांचा विश्वचषक झाला, त्यात फिफाने जुने आठ गटच ठेवले. महिनाभरात, एका देशात उरकायचं असेल तर गट अजूनही सोयीचे पडतात, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या बारा संघांच्या स्पर्धेत आम्ही एकच तक्ता कायम ठेवलाय. यंदा नियमांचा कागद टाइप करायला बसलो तेव्हा भाचा मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "मामा, गोलफरकाच्या ओळीत एक घाल. एका सामन्यातला फरक चारपेक्षा जास्त धरायचा नाही."

"का रे?"

"बारा वर्षांची मुलं आहेत. पहिल्याच रविवारी कोणी नऊ खाल्ले तर पुढचे दोन रविवार कशाला येतील?"

युरोपात हे चालणार नाही, तिथे प्रत्येक गोल मोजायलाच हवा. पण आमच्या मैदानावर चालेल. मी ते वाक्य टाइप केलं आणि कागद सगळ्या वाड्यांना पाठवला.